दुसरा चौकोन

१८ मार्च, मंगळवार

ही डायरी दुकानाच्या मालकांनी, अशरफचाचांनी दिली. इथल्या, आखातातल्या कुठल्याशा कंपनीने गिऱ्हाइकांना वाटलेली, अरबी, म्हणजे उजवीकडून उघडणारी. मी मागच्या टोकाकडून सुरुवात करतोय आणि तारखा हाताने घालतोय. दुपारी एक ते चार आमचं टायपिंगचं दुकान बंद असतं. शटर अर्धं खाली, आत मी आणि दोन प्रिंटर. रोजे चालू आहेत म्हणून चहासुद्धा नाही. तेव्हा लिहायचं.

आज भाचीच्या, आफियाच्या शाळेत गेलो होतो. चौथीचा निकाल. तिचे अब्बा झहूरभाई मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत, त्यांची बस पहाटे साडेचारला आमच्या अब्बासियातून निघते, ते कुठून येणार? आपा, माझी मोठी बहीण, उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी बोलणारं कुणी समोर आलं की ती ओढणी सारखी करत बसते. राहिलो मी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला लॅबमध्ये एकाच्या कानाखाली वाजवली आणि परत पाऊल टाकलं नाही, तरी ह्या घरात 'शिकलेला' मीच.

वर्गात सुरैया मिस होत्या. डिसेंबरच्या ओपन हाउसला त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हापासून माझी झोप उडालेली आहे. हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहितो. त्यांचं घर मूळ श्रीवर्धनचं, पण जन्म इथलाच. मराठी बोलतात, अर्धी.

"तुम्ही आफियाचे अंकल ना?" म्हणाल्या. म्हणजे लक्षात आहे!

"नबील," मी म्हटलं.

"हां. सो, आफिया. मॅथ्समध्ये गेलीय. बाकी सगळं ओके. जानेवारी-फेब्रुवारी ती इंडियात होती ना, नेमके तेव्हाचे दोन चॅप्टर्स. मोठे भागाकार आणि फ्रॅक्शन्स. ते तिला कुणी शिकवलेच नाहीत, तर येणार कुठून?"

नानीला लकवा मारला तेव्हा आपा आफियाला घेऊन दाभोळला गेली होती, सात आठवडे. तेच.

"सहा एप्रिलला रीटेस्ट आहे. फक्त ह्या दोन चॅप्टर्सवर. त्याआधी आठवडाभर आम्ही क्लास घेणार आहोत, फी नाही. नाहीतर रिपीट. पेरेंट्सनी फॉर्मवर टिक करायचं. मला विचाराल तर रीटेस्ट."

"रिपीट केलं तर परत तुमच्याच वर्गात?"

"हो, मी फोर-डीलाच असेन बहुतेक," असं म्हणून हसल्या. मग पुढच्या बाईंना बोलावलं.

पण हसल्या. बाहेर येऊन मी हिशेब केला. वर्षात चार ओपन हाउस, स्पोर्ट्स डे, ॲन्युअल डे. शिवाय सही करून पाठवायच्या चिठ्ठ्या. रीटेस्ट पास झाली तर यातलं काहीच नाही. पाचवीला दुसरी कुणीतरी बाई.

आणि खरं सांगायचं तर एक वर्ष परत बसलं तर पाया पक्का होतो. असं सगळेच म्हणतात.

२० मार्च, गुरुवार

अशरफचाचांच्या दुकानात एकच कायदा आहे. फॉर्म कसलाही असो, इकाम्याचा म्हणजे इथे राहायच्या परवान्याचा, पासपोर्टचा, नोकरी बदलण्याचा, आधी गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचा आणि मगच सही घ्यायची. पंधरा वर्षांपूर्वी एका माणसाने सुट्टीचा अर्ज समजून राजीनाम्यावर सही केली होती. कागद चाचांनीच टाइप केला होता. तो माणूस परत गेला तो गेलाच. तेव्हापासून चाचा म्हणतात, "घाईत असेल तर त्याला सांग, दुसऱ्या दुकानात जा."

आज मी आपाची सही घेतली.

इफ्तारला वीस मिनिटं होती. तिचे हात भज्यांच्या पिठाने भरलेले. आफिया जमिनीवर बसून खजूर वाटत होती, तीन-तीन प्रत्येकाला. शाळेचा फॉर्म तिच्याच दप्तरातून आला होता, तिनेच मला आणून दिला.

"काय लिवलंय त्यात?" आपाने विचारलं.

"शाळेने ठेवलंय तिला. परत चौथी. आपली सही पाहिजे फक्त."

"काहीच होत नाही का रे? मिसला बोललास ना?"

"बोललो. त्यांचं तेच म्हणणं. पाया पक्का होईल."

आपाने दोन बोटांनी पेन धरलं आणि उर्दूत सही केली. कागदाच्या कोपऱ्याला पीठ लागलं. टिक मी आधीच केली होती, दुसऱ्या चौकोनात. पहिल्या चौकोनासमोर काय छापलं होतं ते मी वाचलं नाही. म्हणजे मोठ्याने वाचलं नाही.

आफिया म्हणाली, "मामू, हे फायनल?"

"हो बेटा."

ती परत खजूर वाटू लागली. रडली नाही. मुलांना फारसं कळत नाही ह्या वयात, हे बरं असतं.

दुकानात फॉर्म स्कॅन करून ठेवला. सवय.

६ एप्रिल, रविवार

लिहू नये असं वाटतंय.

शाळा आज सुरू झाली. मी मुद्दाम आफियाला सोडायला गेलो, नवा शर्ट, ईदला घेतलेला. फोर-डीच्या दारावर कागद चिकटवला होता, क्लास टीचरच्या नावाचा. सुरैया मिसचं नाव नव्हतं. कुणी दुसऱ्याच बाई, केरळच्या.

ऑफिसात विचारलं. क्लार्क म्हणाला, "सुरैया मिस? त्यांना फाइव्ह-बी दिलंय या वर्षी."

पाचवी ब. आफियाचा सगळा जुना वर्ग जिथे गेलाय तो वर्ग.

परत येताना हॉलच्या खिडकीतून पाहिलं. रीटेस्ट चालू होती. अकरा मुलं. एक मुलगी पेन्सिल चावत होती, दुसरा एकजण छताकडे बघत होता. दोन तासांचा पेपर. ती बाराव्या बाकावर बसली असती, दोन तास बसली असती, आणि मग मिसच्या समोर पाचवीत असती.

फोर-डीवरून जाताना आफियाने आतून माझ्याकडे पाहिलं. तिच्या शेजारी बसलेला मुलगा जेमतेम तिच्या खांद्यापर्यंत येत होता. मी हात हलवला. तिने नाही हलवला.

१५ मे, गुरुवार

गणितात पन्नासपैकी एकोणपन्नास! आपाने रव्याचा हलवा केला. झहूरभाई शिफ्टवरून आले ते बूट न काढता तिच्या पेपरला हात लावायला गेले आणि ओरडा खाल्ला.

"बघ, तू म्हणालास तसंच झालं," आपा मला म्हणाली. "पाया पक्का झाला."

बरं वाटलं. महिनाभर छातीवर जे बसलं होतं ते जरा हललं. चाचांना हलवा नेऊन दिला आणि मार्क सांगितले.

चाचा बोट चाटत म्हणाले, "कुठले धडे होते?"

"पहिले चार."

"ते तिला मागच्या वर्षीही येत होते ना?"

"हो."

"मग ह्यात शाबासकी कुणाला द्यायची? छान झालाय हलवा."

म्हातारा कधीकधी फार बोलतो.

११ जून, बुधवार

माझा ताबा परत सुटला. आता शाळेच्या फाटकात मला सोडायचं नाही असा आदेश आहे.

झालं असं. आफिया तीन दिवस बसने जायला तयार नव्हती. पोट दुखतं म्हणे. आज मी बसस्टॉपला थांबलो. ती चढली तशी मागून एक पोरगा, तिच्याच मागच्या वर्षीच्या वर्गातला, मोठ्याने म्हणाला, "एव्हरीबडी अप! सीनियर सिटिझन आली, सीट द्या!" आणि सगळी बस हसली. लहान लहान पोरं एका ओळीत उभी राहून तिला जागा देऊ लागली.

मी बसमध्ये चढलो. पोराची कॉलर धरली. मारलं नाही. पण धरली ती अशी की त्याचं बटण तुटलं. तो अकरा वर्षांचा आहे, मी बावीस. तो रडायला लागला. बसवाली आया किंचाळली. आता लिहिताना माझेच कान तापतायत, पण रागाने नाही.

दुपारी सुपरवायझर बाईंनी आपाच्या फोनवर मेसेज केला. तो मीच आपाला वाचून दाखवला. ह्या वेळी पूर्ण वाचला, माझ्याबद्दल होता तरी.

संध्याकाळी आफियाला म्हटलं, "परत कुणी बोललं तर मला सांग."

ती म्हणाली, "नो. प्लीज. तू शाळेत येऊ नको, मामू. आता ते 'बॉडीगार्ड' पण म्हणतात."

८ सप्टेंबर, सोमवार

उन्हाळ्याची सुट्टी संपली. सुट्टीभर डायरी उघडली नाही. लिहिण्यासारखं खूप होतं, म्हणूनच.

आफियाच्या केरळच्या मिसची चिठ्ठी: मुलगी वर्गात लक्ष देत नाही, खिडकीबाहेर बघते. मी तिला विचारलं.

"लक्ष का देत नाहीस?"

"आय नो इट ऑलरेडी. मी हात वर केला की मिस म्हणते, तुझं झालंय ना मागच्या वर्षी, दुसऱ्यांना सांगू दे. सो, मी हात वर करत नाही."

"मग वर्गात काय करतेस?"

"काही नाही. बसते."

मागच्या वर्षी हीच पोरगी घरी आली की बाटली ठेवायच्या आधी बोलायला लागायची. प्राण्यांच्या धड्यातला उंट किती दिवस पाण्याशिवाय राहतो, हे सगळ्यांना तीनदा सांगायची. उंटाचा धडा ह्या वर्षीही झाला म्हणे. मी विचारलं, तर म्हणाली, "तोच उंट आहे."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज सकाळी काउंटरवर मान खाली घालून टाइप करत होतो, तर आवाज आला, "ट्रान्सलेशन होईल का? अरबीमध्ये?"

सुरैया मिस.

निकाहाचा कागद होता. जुलैमध्ये झाला, श्रीवर्धनला. आता इथे नोंद करायची. नवरा बाहेर गाडीत बसला होता, पार्किंग नव्हतं म्हणून.

चाचा आतून बघत होते. कायदा म्हणजे कायदा. मी भाषांतर टाइप केलं आणि ओळीओळीने तिला वाचून दाखवलं. वधूचं नाव. वधूच्या वडिलांचं नाव. वराचं नाव. वराच्या वडिलांचं नाव. माझा आवाज कसा येत होता कुणास ठाऊक. तिने दोन ठिकाणी स्पेलिंग दुरुस्त केलं, बस.

मग तिने मला निरखून पाहिलं. "तुम्ही आफियाचे अंकल ना?"

मार्चमध्ये जे वाक्य, तेच आत्ता. नाव तेव्हाही तिच्या कानावरून गेलं होतं.

"कशी आहे आफिया? मला फार वाईट वाटलं. मी क्लासमध्ये दोन दिवस तिची वाट बघितली. तिला तर तीन-चार दिवसांत जमलं असतं. घरच्यांनी का नाही पाठवलं?"

मी काय बोललो? मी म्हटलं, "ते… तिच्या आईने ठरवलं."

आपावर ढकललं. पिठाच्या हाताने सही केलेल्या माझ्या बहिणीवर.

"ओके," ती म्हणाली. "मदर्स कधीकधी घाबरतात." आणि निघून गेली.

चाचांनी हे सगळं ऐकलं. त्यांना मराठी आपल्यापेक्षा बरं कळतं, रत्नागिरीचे आहेत.  पहिल्यांदाच, मी शटर खाली ओढताना त्यांनी मला मदत केली नाही.

आज दुपारभर मी तिच्यासाठी रडलो असं लिहायचं होतं. पण खरं सांगतो, निकाहाचं दुःख अर्ध्या तासात मागे पडलं. 'तिच्या आईने ठरवलं' हे मात्र कानातून जात नाहीये.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सहामाहीत गणितात एकतीस. इंग्रजीत अठ्ठावीस. मागच्या वर्षी इंग्रजीत एक्केचाळीस होते. जे येत होतं तेही जायला लागलंय.

झहूरभाई सुट्टीवर घरी होते. पेपर उलटून उलटून बघितले. मग म्हणाले, "आमच्याकडे प्लांटवर एखादा वेल्डर चुकला तर त्याची तेवढी एक जोडणी परत करून घेतात. आख्खी पाइपलाइन उखडायला नाही लावत. शाळेला हे कसं नाही कळलं, नबील?"

मी म्हटलं, "शाळा असतेच तशी."

३० नोव्हेंबर, रविवार

आज आफियाची वही सापडली. दोन वह्या, खरं तर. एक ह्या वर्षीची, एक मागच्या वर्षीची, एकीखाली एक. ती मागच्या वर्षीच्या वहीतून गृहपाठ उतरवते. तारखा सोडून सगळं तसंच. जूनपासून.

आता शेवटी मोठे भागाकार सुरू झालेत, नव्या मिसनी हा धडा ह्या वर्षी आधी घेतला. ज्यासाठी एक वर्ष घातलं ते. मी उत्सुकतेने पान उलटलं. ६१२ भागिले ३. उत्तर २४.

मागच्या वहीत बघितलं. मार्चच्या उजळणीचं पान. ६१२ भागिले ३. उत्तर २४. भोवती सुरैया मिसचं लाल वर्तुळ. ते उत्तर आफियाने चुकीसकट उतरवलं होतं. ह्या वर्षीच्या मिसनी न बघता बरोबरची खूण केलीय.

"अगं, मधलं शून्य कुठंय?"

"कसलं शून्य?"

"मिसने वर्गात शिकवलं नाही का, गेल्या आठवड्यात?"

"शिकवलं असेल."

"मग ऐकलं नाहीस?"

तिने वही ओढून दप्तरात टाकली. आठ महिने तिला ऐकण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ज्या आठवड्यात होतं, तोपर्यंत ऐकायची सवय मोडली होती. हे मला एकदम दिसलं, कुणी दिवा लावल्यासारखं. मी ओरडायला तोंड उघडलं होतं. कुणावर ओरडणार होतो?

३ डिसेंबर, बुधवार

आज दुपारी घरी जेवायला गेलो. आपा वांगी चिरत होती. सहज म्हणाली, "आफिया शाळा सोडते म्हणते."

"कायतरी बोलते गं. दहा वर्षांची आहे."

"मी बारा वर्षांची होते."

मला माहीत नव्हतं. घरात सगळे म्हणायचे, रुकय्याला शिकायची आवड नव्हती. आज तिने सांगितलं. सातवीत एका विषयात गेली, परत बसवलं. तिच्या मैत्रिणी आठवीला वरच्या मजल्यावर गेल्या, ती खाली. "चार महिने गेले मी. मास्तर तेच बोलायचे, त्याच जागी खोकायचे. मला वाटायचं, ह्यांना एवढ्यांना कळलं, मला एकटीला नाही, म्हणजे डोक्यातच काही नसणार माझ्या. मग एक दिवस गेले नाही. बाबांनीही विचारलं नाही." वांग्याचं देठ कापून बाजूला ठेवलं. "शाळेने ठेवलं म्हटल्यावर काय करणार? पण मार्चमध्ये दुसरं काही करता आलं असतं ना, नबील, तर मी त्या मिसच्या पाया पडले असते."

मी जेवलो नाही. पोट दुखतंय म्हटलं. हे शब्द ह्या घरात दोनच माणसं वापरतात, मी आणि आफिया.

दुकानात चाचांना सगळं सांगून टाकलं. कधी नाही ते एका दमात. मिसचं, टिकचं, पिठाचं.

ते प्रिंटरमध्ये कागद भरत होते. म्हणाले, "त्या राजीनाम्याच्या माणसाला मी नंतर फोन केला होता. काय बोलू सुचेना. म्हणून तो कागदच वाचून दाखवला त्याला, पहिल्या ओळीपासून."

"मग?"

"त्याने शिव्या दिल्या. पूर्ण ऐकून घेतलं आणि मग दिल्या."

५ डिसेंबर, शुक्रवार

जुम्म्याची नमाज झाली. झहूरभाई, आपा दोघंही घरी. आफिया आतल्या खोलीत आडवी पडलेली. स्कॅन केलेल्या फॉर्मची प्रत खिशात होती.

मी म्हटलं, "आपा, बस. एक कागद वाचायचाय."

"कसला? इकाम्याचा?"

"नाही. मार्चमध्ये तू सही केलीस तो. तुला वाचून दाखवायचा राहिला."

ती हसत खाली बसली. मी सुरू केलं. शाळेचं नाव. विद्यार्थिनीचं नाव, वर्ग, तुकडी. "पालकांनी खालीलपैकी एका चौकोनात खूण करावी." इथे थांबलो असतो तर पुढे गेलोच नसतो, म्हणून थांबलो नाही. "एक. माझी मुलगी सहा एप्रिल रोजी गणिताची फेरपरीक्षा देईल. उत्तीर्ण झाल्यास तिला पाचवीत प्रवेश मिळेल. त्यासाठी शाळेतर्फे मोफत वर्ग घेतले जातील. दोन. माझी मुलगी चौथीतच राहील."

झहूरभाई म्हणाले, "दोन होते?"

"खूण दुसऱ्या चौकोनात आहे," मी वाचत राहिलो. "खूण मी केलेली आहे. सही रुकय्या. तारीख वीस मार्च."

"का?" आपाने विचारलं. एवढंच.

ते कागदावर नव्हतं. ते मला माझ्या तोंडाने सांगावं लागलं. सुरैया मिसचं नाव घेतलं. किती ओपन हाउस होतात ते मोजलेलंही सांगितलं. झहूरभाई उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. आपाने ओढणीचं टोक दोन्ही मुठींत धरलं होतं, मिससमोर धरते तसं. माझ्यासमोर.

तेव्हा दारातून आवाज आला. "आय नो."

आफिया उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

"काय माहितीये?" आपाने विचारलं.

"दोन बॉक्स होते. फॉर्म माझ्या बॅगमध्ये होता ना. मी बसमध्येच वाचला."

दुकानात रोज मी न वाचता येणाऱ्या माणसांना वाचून दाखवतो. आणि त्या संध्याकाळी त्या घरात माझ्याशिवाय कागद पूर्ण वाचलेलं एकच माणूस होतं, ते जमिनीवर बसून खजूर वाटत होतं.

"मग बोलली का नाहीस?" झहूरभाई वळले. "माझ्याशी, अम्मीशी?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. नुसतं बघितलं. "मामूला गणित येतं. तोच मला शिकवायचा. त्याने सेकंड बॉक्सला टिक केलं. मला वाटलं, त्याला माहितीये मी परत पण नापास होईन."

नंतर कोण काय बोललं ते मला लिहिता येत नाही. लक्षातच नाही. कागद माझ्या हातात होता आणि मी त्याच्या घड्या घालत होतो, लहान, अजून लहान.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी मी शर्ट घातला, आपाबरोबर शाळेत जायला. फाटकाबाहेर उभा राहिलो असतो.

"तू दुकानात जा," आपा म्हणाली. दोन दिवसांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. "आफिया आहे वाचायला."

दुपारी आफियाकडून कळलं. सुपरवायझर बाईंनी नाही म्हटलं, वर्षाच्या मध्ये वर्ग बदलता येत नाही, मार्चपर्यंत चौथीच. आपा तरी अर्धा तास बसून राहिली. तिने एकेक प्रश्न विचारला, आफियाने तो इंग्रजीत केला, बाईंनी उत्तर दिलं, आफियाने ते परत मराठीत केलं. शेवटी बाईंनी एवढं कबूल केलं की आफियाने वर्गात हात वर केला तर तिला उत्तर देऊ द्यायचं.

"अम्मी घाबरली होती का?" मी विचारलं.

"थोडी. पण ती म्हणाली, तू नीट सांग, एक पण शब्द सोडू नको." मग जरा थांबून, "मी नाही सोडला."

मी स्वतःच्या हाताने एक वर्ष खाल्लं तिचं. ते परत मिळणार नाही, हे आज तिनेच बाईंच्या तोंडून ऐकलं आणि तिनेच आईला समजावून सांगितलं. दहा वर्षांच्या मुलीला हे काम मी लावलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मी अजून ह्याच घरात आहे. झहूरभाई ताट वाढलं की माझ्याकडे सरकवतात, बोलत नाहीत. जाब्रियात चाचांच्या ओळखीच्या क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या मुलांच्या खोलीत एक खाट रिकामी आहे. पुढच्या महिन्यात तिकडे जाईन. कुणी जा म्हटलेलं नाही. कुणी राहाही म्हटलेलं नाही.

आज सकाळी पाणी घ्यायला स्वयंपाकघराकडे गेलो आणि दाराच्या अलीकडेच थांबलो. टेबलावर नवी कोरी वही. आपा आणि आफिया शेजारी शेजारी. आपाने सातवीत सोडलेलं गणित आफिया तिला शिकवतेय, आपाची फर्माईश आहे. 'मला समजेपर्यंत सोडायचं नाही,' अशी अट.

"सिक्स हंड्रेड ट्वेल्व्ह," आफिया म्हणत होती. "सहाशे बारा. तीनने भागायचं. सहात तीन किती वेळा?"

"दोनदा."

"हां. एकात तीन?"

"जात नाही."

"नाही जात. सो, पुढचा दोन खाली घ्यायचा. बारात तीन, चार वेळा. आन्सर ट्वेंटी-फोर. चोवीस."

मला चूक दिसली. जिभेवर आलं. नसन् नस तापली माझी, नेहमीसारखी, आत्ता आत जाऊन पेन्सिल हिसकावून घ्यावी अशी. चौकट धरून उभा राहिलो.

आपा वहीकडे बघत होती. म्हणाली, "सहाशे बारा खजूर, तीन माणसं. आणि एकेकाला चोवीसच?"

"हो."

"मग बाकीचे कुणी खाल्ले? तुझ्या मामूने?"

आफिया हसली. इतक्या महिन्यांत मी तिचं हसू ऐकलं नव्हतं, ते असं मोठं, नाकातून येणारं आहे हे विसरलो होतो. मग ती थांबली. वहीवर वाकली. बोट प्रत्येक आकड्यावर ठेवत परत पहिल्यापासून गेली, आणि एकावर आल्यावर बोट तिथेच राहिलं.

"थांब, अम्मी," ती म्हणाली. "एकात जात नाही, तर ते लिहायला पाहिजे."

खोडरबराचा आवाज आला. मी पाणी न घेताच परत फिरलो.